घमेल्यावरचं झाकण

गल्लीत तिला सगळे टाचणीवाली म्हणत. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात उतरून ती दगडांना चिकटलेल्या नखाएवढ्या गोगलगायी काढायची, उकडायची आणि बंदराच्या कोपऱ्यावर कागदाच्या पुडीत घालून विकायची. प्रत्येक पुडीला एक टाचणी खोचलेली, आतलं मांस ओढून काढायला. टाचणी परत न देता सटकणाऱ्याला ती भर रस्त्यात हाक मारून थांबवायची. तिथे भीडभाड नाही.

उकडण्याआधी या गोगलगायी रात्रभर समुद्राच्याच पाण्यात ठेवाव्या लागतात, म्हणजे पोटातली वाळू निघून जाते. पण घमेल्यावर झाकण हवं आणि झाकणावर दगड. नाहीतर सकाळी सगळा माल भिंतींवर फिरायला निघालेला. मुलगी लहान असताना एकदा झाकण राहून गेलं, तेव्हा मायलेकींनी शाळेची वेळ होईपर्यंत घर धुंडाळलं होतं. आरशामागे एक, बापाच्या चपलेत दोन. पोरगी हसून हसून जमिनीवर लोळली होती.

आता ती लेक दूरच्या शहरात नांदत होती. फोनवर "बरी आहेस ना?" विचारायची आणि उत्तर संपायच्या आत "ठेवते हं" म्हणायची. या खेपेला आली तीही एका रात्रीपुरती. जेवतानासुद्धा फोन हातात. शेजारी बसलेल्या लेकीचीच आईला आठवण येत होती.

म्हणून निजताना टाचणीवालीनं झाकण मुद्दाम काढून ठेवलं. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते काही खोटं नाही.

सकाळी भिंतभर गोगलगायी. टाचणीवाली डोळे किलकिले करून पांघरुणात पडून राहिली, लेकीच्या हसण्याची वाट बघत.

लेक हसली नाही. थोडा वेळ घमेल्याशी उभी राहिली, मग आईजवळ येऊन बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवायला लागली.

"आई, झाकण विसरलीस? कधीपासून होतंय असं?"

"अगं, ते काही नाही, मी तर…"

"गॅस तरी बंद करतेस ना आठवणीनं? आज नाही जात मी. चार दिवस राहते, डॉक्टरांना दाखवू."

चार दिवस. ओठांवर आलेलं टाचणीवालीनं गिळून टाकलं.

"होतं खरं अधूनमधून," ती म्हणाली. "कालच किल्ली कुठे ठेवली ते आठवेना."

किल्ली तिच्या कमरेलाच होती. केसांवरचा हात निघू नये म्हणून ती जागची हलली नाही.