आधी काय घडलं

श्रीकांतकाकांना चुकीचा शब्द खपत नाही. डॉक्टर म्हणून मिरजेहून बर्मिंगहॅमला आले त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. त्यातली तीस त्यांनी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काढली आणि हाताखालच्या गोऱ्या ज्युनियरांचंही इंग्रजी सुधारलं. आमच्या मंडळाच्या गणपतीची ईमेलसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नाही. मी त्यांची शेजारीण नीना. काकांनी गाडी चालवणं सोडल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना केअर होमला नेते.

तिथे त्यांच्या पत्नी प्रमोदिनीकाकू असतात. त्यांच्या डोक्यातून आधी इंग्रजी गेलं, मग माणसं गेली. मधूनच त्या एकदम ओरडायला लागतात, आणि केअरर मुली ते तक्त्यात लिहितात. तीन रकाने असतात: आधी काय घडलं, मग काय घडलं, त्यावर काय केलं. मधल्या रकान्यात ज्या मुलीची ड्युटी तिचा शब्द. एक लिहायची आउटबर्स्ट, दुसरी मेल्टडाउन, तिसरी टँट्रम, आणि एक अस्सल इथलीच पोर लिहायची किक्ड ऑफ, म्हणजे धिंगाणा घातला. काका खिशातून पेन्सिल काढायचे. टँट्रम लहान पोरांचा, खोडा. मेल्टडाउन अणुभट्टीचा, खोडा. आउटबर्स्ट तेवढा चालायचा. परत येताना गाडीत मला त्यावर व्याख्यान. मला राग यायचा. बायको जिवाच्या आकांताने ओरडते आणि हे पंतोजी पेन्सिल घेऊन बसतात.

मी मात्र बाहेर गाडीतच थांबायची. तिला गर्दी सोसत नाही, असं काकांनी सांगितलं होतं आणि मी ते मानलं होतं.

फेब्रुवारीत मॅनेजरबाईंनी त्यांना बोलावलं. सोबत म्हणून मीही गेले. बाईंनी सहा आठवड्यांचे तक्ते टेबलावर मांडले आणि पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. काकू ओरडल्या ते सगळे मंगळवार आणि शुक्रवार. आधी काय घडलं? प्रत्येक वेळी एकच उत्तर: नवरा भेटायला आला. काकांची पेन्सिल त्या रकान्याकडे कधी गेलीच नव्हती.

बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या की भेटी काही दिवस थांबवून पाहू. नाहीतर गुंगीच्या गोळ्या वाढवाव्या लागतील, आणि तरी भागलं नाही तर काकूंना लांबच्या कुलूपबंद युनिटमध्ये हलवावं लागेल. मी भडकले. पन्नास वर्षांचा संसार आहे, तक्ता बघून मोडता काय, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. मग मी म्हटलं, तुमच्या मुलींना मराठी येत नाही, मला येतं. त्या काय ओरडतात ते मीच ऐकते. काका नको म्हणत असताना मी त्यांच्यामागून खोलीत शिरले.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. काकांनी हळूच नाव घेतलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. काकूंनी हात हिसडला, कार्डिगन गळ्याशी घट्ट आवळलं.

"हात लावू नका. आमचे हे डॉक्टर आहेत. येतीलच आता ड्युटीवरून, मग बघा."

आणि दाराकडे तोंड करून त्या गळा फाडून हाका मारायला लागल्या, "अहो, अहो, लवकर या ना." मुलगी तक्ता घेऊन धावत आली.

गाडीत बसल्यावर काकांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "तिला मी परका पुरुष दिसतो, नीना. माझ्यापासून वाचवायला ती मलाच बोलावते." मीच तो, असं सुरुवातीला त्यांनी सांगून पाहिलं होतं. त्याने त्या जास्तच घाबरल्या. मग, ती काय ओरडते असं विचारणाऱ्या केअरर मुलींना त्यांनी सांगून टाकलं होतं की ती चहा मागते.

"तीस वर्षं मी पेशंटच्या नोट्समध्ये लिहिलं, आउटबर्स्ट, नो कॉज. त्या वेळी खोलीत कोण होतं, हे एकदाही विचारलं नाही."

मला रडू आलं.

पुढच्या मंगळवारी काकांनी मॅनेजरबाईंना सांगितलं की आता ते आत जाणार नाहीत. तरी आम्ही जातोच. काका कॉरिडॉरमध्ये, काकूंच्या दाराशेजारच्या खुर्चीवर तासभर बसतात, मी त्यांच्या शेजारी. आतून काकूंना ते दिसत नाहीत. तक्ता आता कोरा असतो. काकू जेवतात, झोपतात. सगळं छान चाललंय म्हणून बाई खूश आहेत.

गेल्या शुक्रवारी चारच्या सुमारास आतून हाक आली. भीती नव्हती त्या आवाजात. स्वयंपाकघरातून बायको विचारते तसं काकूंनी विचारलं, "अहो, आलात का?"

काका अर्धवट उठले. मी म्हटलं, जा ना. खुर्चीचा हात धरून ते क्षणभर तसेच वाकून राहिले, मग पुन्हा बसले. "हो, आलो," ते म्हणाले, पण इतकं हळू की शेजारी बसलेल्या मलाच कसंबसं ऐकू आलं.

केअरर मुलगी तक्ता घेऊन आली. काय म्हणाल्या त्या, लिहायचं का, असं तिने विचारलं.

"नको," काका इंग्रजीत म्हणाले. "ती चहा मागत होती."

मुलगी चहा आणायला गेली.