मी न टाकलेला ठिपका

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. मी जनावरांची डॉक्टर. ताप थर्मामीटरवर दिसला तरच मानते. पण हा अनुभव... तुम्हीच काय ते ठरवा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आळे परिसरात लाळ्या-खुरकताची साथ होती. आजारी जनावर सापडलं की मी गोठ्यात उभी राहून जीपीएसवर जागा नोंदवायची आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, नकाशात हाताने लाल ठिपका टाकायची. "बाई, तुमचं यंत्र शेन बी काढतं का?" ही थट्टा रोजचीच!

एका दुपारी नकाशा उघडला, तर निमगाव सावाच्या शिवारात लाल ठिपका. मी तर तिकडे फिरकलेही नव्हते. चुकून पडला असेल म्हणून पुसला—पुन्हा आला. परत पुसला... परत तिथेच! कॉम्प्युटर वापरणारी मी एकटी, इंटरनेटही नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला. त्यात दुसऱ्या दिवशी निमगावची यात्रा. बैलगाडा शर्यतीला आजूबाजूच्या तालुक्यांतले बैल एकाच घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, येणार होते.

तशीच स्कूटी काढली. ठिपक्याच्या जागी उसाआड एक छप्पर होतं. आत तुकाराम नावाचा शेतकरी आणि त्याचा शर्यतीचा बैल—तोंडातून लाळेच्या तारा, पाय सारखे झटकतोय. लसीने बैल मंदावतो म्हणून शर्यतीच्या बैलाला लस टोचून घ्यायचीच नाही, ही आमच्याकडची खोड!

"बाई, तुमाला सांगितलं कुनी? म्या बायकोलाबी बोललो न्हाई."

"ते सोडा. उद्या हा घाटात उभा राहिला तर गावोगावचे गोठे आजारी पडतील."

"जोडीला पावण्याचा बैल हाय. भिऊन माघार घेतली म्हनतील, राव!"

"म्हणू देत!" मी चिडलेच.

तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग उठला, थेट देवळात गेला आणि भोंग्यावरून अख्ख्या गावाला म्हणाला, "माझ्या बैलाला खुरकत झालंय. उद्या कुनी बैल आनू नका." मला भरून आलं.

शर्यत पुढे ढकलली. आम्ही आसपासच्या गावांत लस टोचत सुटलो, शर्यतीच्या बैलांनासुद्धा. निमगावात साथ त्या छपराबाहेर गेली नाही. जिंकलो आम्ही! घाट पुन्हा भरला तेव्हा लस घेतलेले बैल असे काही सुटले... भिर्रर्र! "कोन म्हनतंय लशीनं बैल मंदावतो?" तुकाराम भोंग्यावर ओरडत होता. मंचावरून खाली उतरून त्याने भंडारा उधळला आणि मला पिवळीधमक करून टाकली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने सगळं तपासून हात टेकले. गाव म्हणतं, देवानेच दाखवलं. मला आजही कळलेलं नाही... पण ठिपका टाकणारा कुणीही असो, त्याला माझा रामराम.