आत्याच्या घरचा पाटील

नकाशानं हैद्राबाद कधी पाहिलेलं नव्हतं, पण डोळे मिटून तो तुम्हाला काचीगुडा स्टेशनवरून चारमिनारपर्यंत नेऊन परत आणत असे. परभणीच्या आमच्या होस्टेलात कॉटवर उताणा पडून तो सुरू करायचा. स्टेशनातून बाहेर पडा, सुलतान बाजाराला लागा, कोटीवरून खाली उतरत अफजलगंजला या, मग पूल, पुलाखाली मूसी, पूल ओलांडून अत्तराचा वास आला की समजायचं पत्थरगट्टी आली. त्याचे वडील पोलीस ॲक्शनच्या आधी सात-आठ वर्षं तिथं गवंड्यांच्या हाताखाली दगड वाहायला होते. जिंतूर तालुक्यातल्या आपल्या गावी परत आल्यावर त्यांनी पोराला दुसरं काही देता आलं नाही म्हणून ते शहर दिलं, असं तो म्हणायचा. आम्ही पोरांनी त्याचं नाव नकाशा ठेवलं.

त्याची दुसरी खोड म्हणजे नाव लिहिणं. वह्या, पत्र्याची पेटी, बादली, ताट, चपलेचा आतला तळ, जिथं म्हणून रंग किंवा शाई टिकेल तिथं त्यानं स्वतःचं पूर्ण नाव लिहून ठेवलेलं. सिद्धार्थ, मग वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, तालुका, जिल्हा. कुणाशी ओळख झाली तरी तो हे सगळं एका दमात सांगायचा. आम्ही हसायचो. बादली कोण पळवणार आहे तुझी, असं मी त्याला एकदा विचारलं तर तो नुसतं म्हणाला, "असू दे, लिहिलेलं बरं असतंय."

ते नामांतराच्या भांडणाचे दिवस होते. मेसमध्ये न ठरवताच दोन टेबलं पडली होती आणि कोण कुठल्या टेबलावर बसतो यावरून माणसं ओळखली जायची. मी पेडगावचा, बऱ्या जमिनीच्या घरातला. नकाशा बौद्ध. खोलीवाटपात आम्ही एकत्र आलो आणि दोन वर्षं एकत्र राहिलो. एका माठातलं पाणी प्यायचो, एकमेकांचे शर्ट घालायचो. मी फार मोठ्या मनाचा माणूस आहे असं मला तेव्हा वाटायचं, आणि ते चारचौघांत कळावं याचीही मी काळजी घ्यायचो.

तिसऱ्या वर्षी एक शनिवार-रविवार गाठून हैद्राबादला जायचं ठरलं. मी, नकाशा आणि शेजारच्या खोलीतला बालाजी. आम्हाला तो परदेशच. पाट्या तेलुगू आणि उर्दूत, बोलणं वेगळं, खाणं वेगळं. उतरायचं माझ्या आत्याकडं, काचीगुड्यालाच. गाडीत नकाशानं मला एकदाच विचारलं, "तुझ्या आत्याला चालंल का रं?" मी ऐटीत सांगितलं, शिकलेली माणसं आहेत, न चालायला काय झालं. तो खुशीत खिडकीशी जाऊन बसला.

सकाळी स्टेशनातून बाहेर पडलो तसा तो पुढं झाला. आत्याचा पत्ता माझ्याकडं होता, पण वाट त्यानं दाखवली. हे डावीकडं ठेवा, हे उजवीकडं सोडा. एक गल्ली त्याच्या वडिलांच्या सांगण्याप्रमाणे निघाली नाही तेव्हा तो थांबला, जरा विचार केला आणि म्हणाला, "बाच्या येळंला हितं भिंत नसंल." इतका आनंदलेला मी त्याला दोन वर्षांत पाहिला नव्हता.

आत्यानं दार उघडलं. मागं मामा, म्हणजे तिचे यजमान, हातात वर्तमानपत्र घेऊन उभे. बालाजीचं नाव सांगून झालं. नकाशानं हात जोडले आणि नेहमीप्रमाणे पूर्ण नाव सांगायला तोंड उघडलं. तो "मी" म्हणाला तेवढ्यात मी मध्ये पडलो.

"हा सुधाकर. सुधाकर पाटील. सेलूकडचा."

मला कुणी विचारलं नव्हतं. आत्याच्या तोंडावर शंका नव्हती, मामांनी भुवई उचलली नव्हती. मी काय भ्यालो ते आज सांगतो. आत्या घरी लिहील, वडील रागावतील, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आत्ता, या उंबऱ्यावर, एक क्षण अवघड जाईल. तो एक क्षण टाळण्यासाठी मी माणूस बदलून टाकला. बालाजी स्वतःच्या बुटांकडं बघत राहिला. नकाशानं जोडलेले हात तसेच ठेवले आणि आत्याला वाकून नमस्कार केला.

दिवसभर आम्ही शहर हिंडलो. जेवून बाहेर पडल्यावर मी काहीतरी बोलायला गेलो, पण त्यानं हातानंच राहू दे म्हटलं. मूसीच्या पुलावर मात्र त्याची जीभ सुटली. इराणी हॉटेलातला चहा, म्युझियममधल्या घड्याळापुढं टोल ऐकायला जमलेली माणसं, लाड बाजारातल्या बांगड्यांचा लखलखाट, सगळं त्यानं आम्हाला दाखवलं. बालाजीला थट्टा सुचली, "पाटील दमले का?" नकाशा हसला आणि म्हणाला, "पाटलानं चालायचं नसतंय, गाडी मागवा." आम्ही दोघं खो खो हसलो. मला वाटलं, चला, मिटलं.

पत्थरगट्टीला एका इमारतीच्या कमानीपाशी तो थांबला. वडिलांनी सांगितलेली खूण पटली म्हणाला. खांबाच्या दगडावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. "बा म्हणायचा, हितं पाय भाजायचे," एवढंच बोलला.

आत्याला तो फार आवडला. जेवलेलं ताट स्वतः नळावर नेऊन धुणारा पुरुष तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिला होता. शिवाय वीस वर्षं हैद्राबादेत राहून ती सुलतान बाजाराच्या पलीकडं फारशी गेली नव्हती, आणि हा तिला तिच्याच शहराच्या गोष्टी सांगत होता. ती त्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढायची. "लाजू नका पाटील," म्हणायची. तो मान खाली घालून खायचा.

रविवारी सकाळी मामांनी नामांतराचा विषय काढला. परभणीकडं म्हणे लय जाळपोळ झाली होती, खरं का. मग त्यांचं बोलणं जसं अशा घरांत व्हायचं तसं होत गेलं, ते इथं लिहीत नाही. मामांनी नकाशाकडं वळून विचारलं, तुमच्या भागात काय झालं?

"एका गावचं ठाऊक हाय मला," नकाशा म्हणाला. आवाज अगदी सरळ. "आठ घरं जाळली. वेशीकडच्या पहिल्या घरात एक पोरगा दहावीला होता. त्याची पुस्तकं गेली, शाळेचा दाखला गेला. आपण कोण, हे सांगायला त्याच्यापाशी कागद राहिला न्हाई."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "मग काय केलं वो त्या लेकरानं?" तिनं विचारलं.

"मास्तरानं दुसरा दाखला काढून दिला. बसला परीक्षेला."

"देवाला काळजी," असं म्हणून आत्यानं डोळ्यांना पदर लावला. बादली, ताट, चपलेचा तळ, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दोन वर्षं मी त्याच्या शेजारच्या कॉटवर झोपत होतो आणि तुमच्या गावात काय झालं, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. मामांनी विचारलं. आणि त्याला स्वतःची गोष्ट दुसऱ्याची म्हणून सांगावी लागली ती माझ्यामुळं. मी त्या वेळी उठून बोलायला हवं होतं. मी पोह्यातले शेंगदाणे निवडत बसलो.

होस्टेलवर आल्यावर महिनाभरानं आत्याचं पत्र आलं. तुझा मित्र सुधाकर आम्हा दोघांच्या मनात भरला आहे, त्याची कुळी, देवक आणि शेतीवाडी कळव, आमच्या सुमनला यंदा उजवायची आहे. मी ते पत्र बालाजीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. नकाशा पेटीवर बसून ऐकत होता. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "दत्ता, तिला खरं लिही."

मी म्हटलं, वेडा झालास का.

"लग्नाचं सोड. मला काय तिची पोरगी नको. पर दोन दिस त्या घरात मी जेवलोय. तिनं न इचारता भाकर वाढली ती मला वाढली. ते त्या पाटलाच्या नावावर नको. मी आलतो, एवढं कळू दे तिला. मग ती काय म्हणायचं ते म्हणू दे."

दोन वर्षांत त्यानं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हटलं. रात्री पत्र लिहिलं: मुलाचं लग्न आधीच ठरलेलं आहे, क्षमा असावी. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, टाकलंस का पत्र? मी म्हणालो, टाकलं. ते खरंच होतं.

उत्तर आलं. योग नसतो एकेकाचा, त्याला आमचे आशीर्वाद सांग, हैद्राबादला आला तर परक्यासारखं बाहेर उतरू नको म्हणावं, घर आपलंच आहे. यानंतर मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. पत्राचा वरचा भाग अंगठ्यानं दाबून मी त्याला शेवटच्या तेवढ्याच ओळी दाखवल्या.

त्यानं त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. "बघ," म्हणाला. "मी म्हणलं न्हवतं, खरं लिही म्हणून?" त्या रविवारी तो गावी गेला आणि मायला सांगून आला की हैद्राबादेत एक बाई हाय, समदं कळल्यावरबी ये म्हणती. मी त्याला तो आनंद दिला असं मी स्वतःला समजावलं. खोटं बोलून का होईना, एक माणूस सुखी झाला, असा हिशेब करून मी झोपलोही.

परीक्षा झाली आणि आम्ही पांगलो. त्याला शेतीखात्यात नोकरी लागली, मी गावी शेती बघू लागलो.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या सुमाराला आत्या माहेरी आली होती. घरात सगळीकडं तीच चर्चा. ज्वारीच्या पिठाची परात पुढं घेऊन बसलेली आत्या मला एकाएकी म्हणाली, "तुझा तो पाटील आलता की रं घरी. लय वर्सं झाली. तुला सांगीन सांगीन म्हणलं, आन् राहूनच गेलं."

नोकरी लागल्यावर तो कसल्याशा प्रशिक्षणाला हैद्राबादला गेला होता. हातात फडक्यात बांधलेली कारळाची चटणी आणि तिळाच्या पोळ्या, त्याच्या मायनं आत्यासाठी दिलेल्या. आत्यानं आनंदानं, या पाटील, म्हटलं. तो हसून म्हणाला, पाटील कशाला म्हणता आत्या, तुमाला तर समदं ठाऊक हाय. ती म्हणाली, काय ठाऊक? मग त्यानं उभ्या उभ्या आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"मी गप झाले," आत्या म्हणाली. "किती येळ गप झाले, देवाला ठाऊक. तेवढ्यात त्यानं इचारलं, दत्तानं लिहिलं न्हाई का? मी म्हणलं, दत्तानं तर तुमचं लग्न ठरलंय म्हणून लिहिलं. गठुडं ओट्यावर ठेवून गेला तो. पाणीबी न्हाई घेतलं."

मी विचारलं, तुला खरं आधी कळलं असतं तर तू काय केलं असतंस. आत्यानं पिठात पाणी घातलं, हात तसाच राहू दिला. "मला न्हाई सांगता येत," ती म्हणाली. "पर मला इचारायचं तरी तू."

तिच्याकडं बघत असताना मला परभणीच्या एस.टी. स्टँडवरचा चहा आठवला. ही हकीकत मला कळण्याच्या तीन-चार वर्षं आधीची ती भेट. म्हणजे आत्याच्या दारातून तो परत फिरला, त्याच्या नंतरची. जिंतूरच्या गाडीची वाट बघत उभा असलेला नकाशा मला पाहून स्वतः पुढं आला, हात हातात घेतला, चहा पाजला. माझी पोरं कितवीत आहेत, पाऊस कसा आहे, विहिरीला पाणी किती आहे, सगळं आपुलकीनं विचारलं. त्याची गाडी लागली तेव्हा पिशवी उचलता उचलता म्हणाला, "आत्या बऱ्या हायेत का?"

"बऱ्या हायेत," मी म्हणालो होतो. "तुझी लय आठवण काढतात. घरी ये म्हणतात."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मला वाटलं, जुन्या आठवणीनं गहिवरला असेल.

"माझा नमस्कार सांग त्यांना," तो म्हणाला, आणि गाडीत चढला.

आत्या पंधरा दिवस पेडगावात होती. तो नमस्कारही मी तिला सांगितला नाही.