रिक्षात मावणारी खुर्ची

मला मोजायचं वेड आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. वसईच्या पूर्वेला एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो आणि मेजर टेप माझ्या खिशात रुमालाच्याही आधी जायची. बायको म्हणायची, लग्नात तू मला हारसुद्धा गळ्याचं माप घेऊन घातला असशील. आईला तर टेप दिसली की हसूच यायचं. पण नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ज्या एका वस्तूसाठी मी झपाटल्यासारखा मापं घेत फिरलो, तिच्याइतकी मजा मला पुढे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये आली नाही. ती वस्तू म्हणजे चाकांची घडीची खुर्ची.

आई नायगावच्या खाडीकाठची. माहेरची भातशेती आणि मिठागराच्या कडेचं घर. ती धवलारीण होती. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला धवले गातात, देवांना आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांना गाण्यातून आवतण देतात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय हळदीला हात लावत नाहीत. आईचा आवाज तीन आळ्या पलीकडे ऐकू जायचा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, नंतर मी त्याची फुशारकी मारू लागलो.

मग ती विहिरीजवळ घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पायांनी पुन्हा भार घेतला नाही. डॉक्टरांनी बजावलं की जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, बसणं उंचावरच. मी तिला आचोळ्याला आमच्या फ्लॅटवर आणलं. तिच्यासाठीच आम्ही तळमजला बघितला होता.

पहिली खुर्ची एका ओळखीच्यांकडून उसनी आणली. लोखंडी, अखंड, हलवताना दोन माणसांच्या नाकी नऊ यायचे. घरातल्या घरात ती चालली. पण एकदा आईला तपासणीला न्यायचं होतं, तेव्हा मी अक्कल चालवली : आईची एक रिक्षा आणि खुर्चीची एक. आई आणि बायको पुढे गेल्या, मी खुर्ची अर्धी बाहेर काढून, दोन्ही हातांनी कवटाळून मागून. वाटेत रेल्वेच्या फाटकाशी माझी रिक्षा अडकली. मी पोचलो तेव्हा दवाखान्याच्या दारात आईची रिक्षा अर्धा तास उभी होती. रिक्षावाला चिडलेला, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण वाकून आत बघत होता. एक म्हातारा तर बायकोला विचारून गेला, की आजी जिवंत आहेत ना.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "आथा मना कुठं नेऊ नको. मी काय नाटक हाय, लोकांनी बघाला?"

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ती दाराबाहेर आली नाही. गाणं तर सोडाच, गुणगुणणंही थांबलं. तपासणीला डॉक्टर घरी बोलवावे लागले.

अशात एके दिवशी मामा आला. त्याच्या मुलीचं, म्हणजे आईच्या लाडक्या भाचीचं लग्न ठरलं होतं. मामा आईच्या पलंगाशी बसला आणि म्हणाला, "बाय, तुझ्याबिगर हलद कशी लागंल?"

आईने भिंतीकडे तोंड केलं. "दुसरी कोनी बघ. माझा गला बसलाय."

गळ्याला काहीही झालं नव्हतं. सकाळीच तिने दूधवाल्याला असं झापलं होतं की शेजारची खिडकी उघडली होती. मामा चहा न पिता गेला आणि मला असा राग आला, आईचा नाही, त्या लोखंडी धुडाचा. महिन्याभरावर लग्न होतं. मी ठरवलं, खुर्ची अशी आणायची की जी आईच्याच रिक्षात, आईच्याच पायाशी जाईल.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर जाऊन रिक्षा मोजायला घेतली. सीटची रुंदी, सीटपासून ड्रायव्हरच्या पाठीपर्यंतची जागा, सीटच्या मागची फट. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "साहेब, कागदपत्रं सगळी हाएत." त्याला मी आरटीओचा वाटलो होतो. खरं सांगितल्यावर तोच उत्साहाने आत बसून पाय आखडून दाखवू लागला. घरी येऊन मी खोक्याच्या पुठ्ठ्यातून रिक्षाच्या आतल्या जागेचा आकार कापला आणि गुंडाळून, सुतळीने बांधून मुंबईला सर्जिकल सामानाच्या दुकानात घेऊन गेलो.

काय दुकान होतं ते! मी समजत होतो की घडीची खुर्ची म्हणजे एक प्रकार. तिथे सात-आठ उभ्या होत्या. बहुतेकींच्या बैठकीखाली फुलीसारख्या दोन दांड्या. बैठकीचं कापड मधोमध धरून वर ओढलं की दोन्ही बाजू एकमेकींना येऊन चिकटतात आणि सव्वीस इंचांची खुर्ची फूटभर होते. उघडताना बैठकीच्या कडांवर तळहातांनी दाबायचं, बोटं आत वळवायची नाहीत. मी वळवली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "पहिल्यांदा सगळेच वळवतात."

एक होती छोट्या चाकांची, ढकलणाऱ्यासाठी बनवलेली. उचलायला इतकी हलकी की मी ती एका हाताने डोक्यावर धरून दाखवली. पण तिची चारही चाकं ताटलीएवढी. आमच्या आचोळ्याच्या रस्त्यावर ती पहिल्याच खड्ड्यात तोंडावर आपटली असती, आणि बसणाऱ्याला स्वतःच्या हाताने ती हलवताही येत नाही. आई दुसऱ्याच्या मर्जीवर हलणारी बाई नव्हे. ती बाद. एक होती पाठ मधून मोडणारी, म्हणजे घडी केल्यावर उंचीही कमी. एकीचे हात उचलून काढता येत होते, त्यामुळे पलंगावरून माणूस आडवा सरकून थेट बैठकीवर येतो. पाय ठेवायच्या पट्ट्या कुठे नुसत्या वर दुमडायच्या, कुठे बाजूला फिरून निघूनच यायच्या. मी प्रत्येक खुर्ची उघडत होतो, मिटत होतो, पुठ्ठ्यावर ठेवून बघत होतो. दुकानदाराने शेवटी हात टेकले आणि स्वतःसाठी चहा मागवला. मला विचारलंही नाही.

आणि मग त्याने आतून एक काढली. अ‍ॅल्युमिनियमची, परदेशातून आलेली. मागच्या मोठ्या चाकाच्या मधोमध एक बटण. त्याने ते अंगठ्याने दाबलं आणि चाक चक्क हातात आलं! दुसरं दाबलं, दुसरंही आलं. हात निघाले, पावलांच्या पट्ट्या निघाल्या. उरला तो सांगाडा त्याने मिटला आणि माझ्या पुठ्ठ्यावर ठेवला. चारही बाजूंनी बोटभर जागा उरली. मी दुकानातच ओरडलो. लाज वगैरे काही वाटली नाही. मला त्या दुकानदाराला मिठी मारावीशी वाटत होती, पण त्याच्या हातात चहा होता.

पुढचे आठ दिवस आमच्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये तालमी चालल्या. बायको बसायची, मी ढकलायचो. बाहेरच्या तीन पायऱ्या उतरताना खुर्ची उलटी फिरवायची, मोठी चाकं आधी, हे आम्ही एकदा बायकोला जवळजवळ सांडून शिकलो. ब्रेक लावल्याशिवाय उठायचं नाही, हे तिने मला शिकवलं. सगळे शेजारी बघायला यायचे. रिक्षात कोण कुठे तेही ठरलं : सांगाडा सीटपुढे, चाकं सीटमागे, आई मध्ये, बायको कडेला, मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या ढुंगणावर. घड्याळ लावून मोजलं, खुर्ची सुटी करून रिक्षात भरायला पावणेदोन मिनिटं.

आई हे सगळं पलंगावरून ऐकत होती. आठव्या दिवशी मी खुर्ची तिच्या पलंगाला भिडवली आणि खुर्चीचा पलंगाकडचा हात काढला. तिने बैठक हाताने दाबून बघितली. मग स्वतःच सरकत सरकत आली, चाकांवर हात ठेवले आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथून आवाज आला, "डाल कोनी केलीय ही? नुसता पानी!"

मी आणि बायकोने एकमेकांना टाळी दिली.

तरीही लग्नाला यायचं ती कबूल होईना. हळदीच्या दिवशी सकाळी तिने केस विंचरून घेतले, हिरवी साडी काढायला सांगितली, आणि तेव्हाच आम्हाला कळलं. वसईवरून नायगावला जाईपर्यंत मी पुढे बसून बडबडत होतो, ड्रायव्हरही बडबडत होता. मामाच्या दारात रिक्षा थांबली. मी उडी मारून सांगाडा काढला, उघडला, खट् खट् चाकं बसवली, आई बाहेर! अख्खी आळी तोंडात बोट घालून बघत होती. या वेळी त्यांनी बघावं, अगदी डोळे फाडून बघावं, असं मला वाटत होतं. एकाने विचारलं की खुर्चीला इंजिन आहे का. मी हवेतच होतो.

मांडवात अंगण सारवलेलं होतं. मधोमध तांदळाच्या पिठाचा चौक, त्यावर पाट, पाटावर नवरी, भोवती बायका. आई चाकं फिरवत चौकाच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. बायका गप्प झाल्या. आता ती सुरू करणार म्हणून मी पुढे सरकलो. ती सुरूच करेना. तिच्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकले होते.

मी वाकून विचारलं, काय झालं. ती पुटपुटली, "नवरी खाली नि मी वर? असा धवला गातात काय?"

मला हे माहीत होतं! लहानपणापासून बघितलेलं होतं. आमच्याकडे त्या घडीला नवरीपेक्षा वर कोणी बसत नाही, आणि धवलारीण तर नाहीच नाही, ती जमिनीवर पाटाला गुडघा लावून बसते. मी रिक्षा मोजली, दार मोजलं, पायऱ्या मोजल्या, आणि आईला जाऊन बसायचं कुठे आहे ते मोजायचं राहिलं. तिला खाली बसवणं डॉक्टरांनी बंद केलेलं. मी घाईघाईने म्हणालो, चाकं काढतो, खुर्ची बरीच खाली येईल. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी काढलेला हात परत खिशात घातला.

आईने खुर्ची मागे वळवायला सुरुवात केली. "घरी ने मना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मी ऑपरेशनच्या वेळीही बघितलं नव्हतं.

तेवढ्यात नवरी उठली. हळद लागायच्या आधी नवरीने पाटावरून उठायचं नसतं, दोन बायका ओरडल्या सुद्धा. तिने वाकून स्वतःचा पाट उचलला, काखेत मारला आणि घराच्या ओट्यावर चढली.

"आत्या, मी यं बसतंय. मग तू खाली नि मी वर. चालंल?"

मांडवात गलका झाला. मांडलेला चौक सोडून नवरी गेली, असं कधी कोणी ऐकलं नव्हतं. एक म्हणे अपशकुन, दुसरी म्हणे विधी कुठल्या दिशेला करायचा. मामा मधोमध उभा राहून नुसता घाम पुसत होता. आळीतली सगळ्यात म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती. तिने काठी आपटली. "चौक पिठाचाच हाय ना? दुसरा घाला वरती!"

आईने खुर्ची थांबवली. ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आयुष्यभर माझ्या टेपला हसलेली बाई म्हणाली, "मोज रं."

मी गुडघ्यांवर बसून मोजलं. घाईत टेप दोनदा सुटून परत आत गेली. ओटा खुर्चीच्या बैठकीपेक्षा चार बोटं उंच भरला, पाट वेगळा. मी ओरडलोच, "वर आहे! नवरी वर आहे!" बायका हसत सुटल्या, कोणीतरी पिठाची परात आणायला पळालं, आणि आईने ओट्याला खुर्ची भिडवून स्वतःच्या हाताने ब्रेक लावले.

तिने सुरुवात केली तेव्हा आवाज फाटला. दोन वर्षांचा गंज होता. दुसऱ्या ओळीला मागच्या बायकांनी उचललं, तिसरीला तो सुटला, आणि मग मांडवाबाहेर भांडी घासणाऱ्या बाया हात थांबवून उभ्या राहिल्या. तिने देव बोलावले, गावाची शीव बोलावली, गेलेली माणसं बोलावली. तिच्या आवतणात माझे वडीलही आले. मी मांडवाच्या खांबाला धरून रडत होतो आणि एकीकडे मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. नवरीचं तोंड हळदीने पिवळं झालं होतं आणि ती वरून वाकून आत्याकडे बघत होती.

दुपारी मी खुर्ची भरायला रिक्षा आणली. आई अजून अंगणात होती, भोवती पाच-सहा बायका. खालच्या आळीतली एक तिचा हात धरून सांगत होती की मंगळवारी आमच्या पोराची हळद आहे. आईने नुसती मान हलवली. आम्ही तिला रिक्षात बसवलं. मी चाकं सीटमागे सरकवली, पुढे चढलो, आणि मागून तिचा जुना, तीन आळ्यांना ऐकू जाणारा आवाज आला.

"मंगलवारी लवकर निघाचा. आज तू उशीर केलास."