मदिनाबीचं म्हणणं

पाटणच्या बाजारात बांगड्या भरणारी मदिनाबी हाताची हळुवार होती. लहानग्या पोरीही तिच्यापुढं न रडता हात करायच्या. १९४३ साली पटकीनं तिची दोन्ही लेकरं आठ दिवसांत नेली. तिची झोप उडाली. पोरं नदीतनं हाका मारतात म्हणायची आणि लुगड्यासकट कोयनेत शिरायची. दोनदा कोळ्यांनी बाहेर काढली.

थोरला भाऊ सिकंदर टेकीला आला. उरुसाला जाऊ, असं सांगून त्यानं तिला मोटारीनं साताऱ्याला आणलं. वाटेत ती उडी टाकायला लागली, म्हणून हात बांधले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर आगाश्यांनी आधी दोरी सोडवली. "बाई, इथं कशाला आणलंय, ठाऊक आहे?"

"उरुसाला."

सिकंदरनं मान खाली घातली. "खरं सांगितलं असतं तर आली नसती, सायेब."

"तरी सांगायला हवं. त्याशिवाय मी दाखल्यावर सही करणार नाही."

मग त्यांनीच सांगितलं. पुण्याचं वेड्यांचं इस्पितळ, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, किती दिवस ते सांगता येत नाही.

"मी न्हाई जायाची," मदिनाबी म्हणाली. "माजी पोरं नदीवर एकटी हायती."

डॉक्टरांनी तिचे शब्द जसेच्या तसे दाखल्यात लिहिले, वाचून दाखवले. "तुम्ही नाही म्हणता, हेही लिहिलंय. पण घरी सोडलं तर तुम्ही बुडाल, म्हणून पाठवा असं लिहितोय. राग माझ्यावर धरा."

तिनं धरलाच. मॅजिस्ट्रेटनंही दाखल्यातले तिचे शब्द वाचून "हे तुमचंच म्हणणं?" असं विचारलं, हुकूम मात्र पुण्याला पाठवायचाच दिला.

पुण्यात दहा महिने गेले. आधी झोप आली, मग रडू. सिकंदर दर महिन्याला भेटायला यायचा आणि घरचं खरं तेच सांगायचा.

इस्पितळातनं सुटल्यावर घरी जाताना ती आधी साताऱ्याला उतरली. "लय राग केला तुमचा," ती डॉक्टरांना म्हणाली. "पर पोरं गेल्यापासनं समदी मला फसवूनच जेवाय घालत हुती. खरं तेवढं तुमीच बोलला. तुमचं उपकार हायती."

"मनाविरुद्ध पाठवलं, बाई. मला ते सुखाचं नव्हतं."

"ठाव हाय."

पुढं कुणाला असं साताऱ्याला न्यायचं झालं, की लोक मदिनाबीला सोबत बोलवायचे. पहिली होती मेढ्याची चंद्राबाई. मोटारीत चढायच्या आधी मदिनाबीनं तिला कुठं, कशाला, सगळं सांगितलं. चंद्राबाईनं वाटभर शिव्या घातल्या. मदिनाबी शेजारी बसून ऐकत राहिली.