खंडेनवमीची हळद

भीमाशंकर सरांनी लातूरच्या आयटीआयमध्ये फिटरची पोरं घडवण्यात हयात घातली, आणि कानस नीट चालत नाही म्हणून रडत आलेल्या प्रत्येकाला एकच ऐकवलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" पोरं पाठीमागं त्यांना 'अंगण सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांचा जीव मात्र कानशीत नव्हता, विमानांत होता. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून केलेली, तळहातावर मावतील अशी हुबेहूब विमानं. ती रंगवायला त्यांच्याकडे एअरब्रश होता. पेनाएवढी पितळी पिचकारी, बोटानं खटका मागं ओढला की रंगाचं धुकं सोडणारी. पंखांवरचे हिरवे-करडे पट्टे एकमेकांत असे विरघळायचे की बघणारा चष्मा पुसून पुन्हा बघायचा. पुढं पोरांची शिक्षणं आली, आईचं अंथरूण आलं, आणि विमानं माळ्यावर गेली. "रिटायर होऊ द्या, मग बघा," असं सर भेटेल त्याला सांगत राहिले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी या एका वाक्यावर ढकलली.

रिटायर झाले, डबा खाली काढला आणि पहिल्याच पंखाची माती झाली. कुठं रंगाचा डाग, कुठं नुसती हवा. सरांनी एअरब्रशमधली सुई काढून पुसली, पुन्हा मारून पाहिलं. पुन्हा तेच. मग त्यांना गुन्हेगार सापडला, तोही घरातच.

दर खंडेनवमीला नागम्माबाई घरातली हत्यारं पाटावर मांडून पुजायच्या. विळी, कोयता, सरांचे पाने, आणि माळ्यावरून उतरवून तो एअरब्रशसुद्धा. नवरा वापरत नसला म्हणून हत्याराला नवमीला वगळायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

"तुझ्या हळदीनं नळी बुजली," सर कडाडले.

"ह्याला हळद न्हाई लावली वो कधी. पान्याला लावते. ह्याला फकस्त झेंडूचं फूल वाहते. बारीक काम हाय तुमचं, मला कळतंय की."

सरांना कुठलं पटायला! पोरीला फोनवर सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. शेवटी बाईंनी उत्तर द्यायचंच सोडलं.

नांदेडला वजिराबादेत एका दुकानातून गणपतीचे कारागीर एअरब्रश नेतात, असं सरांना कळलं. जुना एअरब्रश नमुन्याला म्हणून खिशात घालून ते एसटीत बसले. लोहा गाव येईपर्यंत त्यांच्या मनात एकच घोळत होतं, रंगाची वाटी वर बसवलेला घ्यावा की बाजूला. कितीतरी दिवसांत ते एवढे खुशीत नव्हते.

दुकानदार प्रीतम स्वतः मूर्ती रंगवणारा. त्यानं तीन नग काऊंटरवर मांडले, एका बारीक तोंडाच्या नगात रंग भरला आणि जुना पेपर पुढं सरकवला. "मारून बघा सर."

रेघ जाड झाली, तुटली, फुटली. सरांनी दुसरा घेतला, मग तिसरा. पेपरवर सगळीकडे तेच डाग.

"पंख्याचा वारा लागून राहिलाय," म्हणत प्रीतमनं पंखा बंद केला. सरांनी पुन्हा खटका ओढला. रेघ तशीच उमटली. आता दोघंही पेपराकडं न बघता त्या बोटाकडं बघत होते. खटक्यावरचं बोट थरथरत होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून प्रीतमनं जुना नग मागितला. उघडला, नळीत बघितलं, रंग घातला आणि सहज हात फिरवला. केसाएवढी रेघ पेपरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"हा तर फस्क्लास हाय सर," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचाच चेहरा उतरला.

परतीच्या एसटीत सर खिडकीला डोकं टेकून बसले. आपण रोज खोटं ठरवलेल्या बाईंच्या त्या झेंडूच्या फुलापुढं त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेहूनही जास्त भीती वाटत होती. आता वाट बघावी असं पुढं काहीच उरलं नव्हतं.

घरी नागम्माबाईंनी चहा पुढं ठेवला. कप अर्धाच होता. गेल्या पावसाळ्यापासून तो अर्धाच असायचा. सरांना वाटायचं, बाई दुधात काटकसर करते.

"काय म्हणले वो दुकानात?"

सरांनी जुना एअरब्रश टेबलावर ठेवला. बाईंनी एअरब्रशकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे, आणि पदरानं टेबल पुसायला लागल्या. टेबल स्वच्छच होतं.

"माझंच चुकलं असंल," त्या म्हणाल्या. "लावली असंल म्या हळद. आता ध्यानात न्हाई ऱ्हात."

"हाव," सर म्हणाले, आणि तो अर्धा कप त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.