गाडीत उरलेली सुरत

परदेशी टीव्हीवाले सुरतला येतात, चार-पाच दिवस शूटिंग करतात आणि निघून जातात. त्यातलं थोडंसं पडद्यावर जातं. बाकीचं सगळं प्रकाशभाऊंच्या गाडीत उरतं. सीटखाली बिस्किटांचे कागद सापडावेत तसे हे किस्से आम्हाला महिनोन्‌महिने सापडत राहतात. कामरेजच्या टोलनाक्यावर रांगेत उभे राहिलो की प्रकाशभाऊ हमखास म्हणतात, "ताई, तो डेन्मार्कवाला आठवतो का?" आणि मग गाडी पुढे गेली तरी आमचं संपत नाही.

आधी काम सांगते. बाहेरच्या देशातून कोणी पर्यावरणावर, धंद्यावर, खाण्यापिण्यावर कार्यक्रम करायला आलं की माणसं शोधून देणं, परवानग्या काढणं आणि दोन्हीकडचं बोलणं एकमेकांना समजावून सांगणं, हे माझं काम. मी सुरतच्या उधन्यात वाढले, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, त्यामुळे घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी. इंग्रजी नंतर शिकले. प्रकाशभाऊ आमचे ड्रायव्हर, नंदुरबारकडचे, गाडी त्यांची स्वतःची. सगळ्या भाषा त्यांनाही येतात, पण ते बोलत नाहीत, ऐकतात.

या कामाला इंग्रजीत 'फिक्सर' म्हणतात. आईने हा शब्द कौतुकाने चाळीत सांगितला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू दार लोटून आत आल्या आणि त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, "क्रिकेटची फायनल कोण जिंकणार ते तुला आधीच कळत असेल ना?" तेव्हापासून आई एवढंच सांगते की मुलगी टीव्हीत आहे.

*

तर तो डेन्मार्कवाला. हेनरिक नाव. तो साउंडचा माणूस, म्हणजे चित्राशी त्याचं घेणंदेणं नाही, फक्त आवाज. कापडधंद्यावरचा कार्यक्रम होता आणि आम्ही लिंबायतमधल्या एका लूम कारखान्यात होतो. तिथे शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तरी कानाला तोंड लावावं लागतं. हेनरिक कानाला हेडफोन लावून खुशीत होता. मग त्याने मागणी केली, सगळे लूम थोडा वेळ बंद करता येतील का? त्याला त्या जागेची शांतता रेकॉर्ड करायची होती. एडिटिंगला लागते म्हणाला.

शेठना मी हे गुजरातीत सांगितलं. त्यांना वाटलं माझं भाषांतर चुकतंय. इतक्या लांबून विमानाने येऊन हा माणूस काहीच नसलेलं रेकॉर्ड करणार? पण पाहुणा म्हणून त्यांनी हो म्हटलं. एकेक लूम थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा कानात कसंतरीच झालं. कारागीर एकमेकांकडे बघायला लागले. हेनरिकने डोळे मिटले.

आणि भिंतीपलीकडच्या खोलीत एक तान्हं बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं.

त्याची आई त्याला घेऊन बाहेर आली. काय झालं, लाइट गेली का, असं विचारत होती. बाळ जन्मल्यापासून त्या आवाजातच झोपलेलं. आवाज थांबला की त्याला भीती वाटते, ती म्हणाली. शेठनी लूम सुरू करायला लावले आणि बाळ आईच्या खांद्यावर लगेच झोपलं. हेनरिकला शांतता काही मिळाली नव्हती. त्याने पुन्हा एकदा विनंती केली. शेठ म्हणाले, "नाही. पोरगं उठेल."

*

पर्यावरणवाल्या कार्यक्रमासाठी जर्मनीहून कात्रिन आली होती. तिच्या फोनमध्ये पांडेसऱ्याजवळच्या एका खाडीचा फोटो होता, पाणी लालभडक. तोच शॉट तिला हवा होता. आम्ही पोचलो तर खाडी मळक्या पाण्याची, कुठल्याही नाल्यासारखी. सणाची सुट्टी होती, कापड रंगवणारी युनिटं बंद. काठावर राहणाऱ्या सुमनबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी कात्रिनची समजूत काढली. परवा या म्हणाल्या, परवा मिल चालू होतील, तेव्हा लाल नाही तर निळं काहीतरी नक्की असेल.

कात्रिनने विचारलं, राग येत नाही का? सुमनबाईंनी शांतपणे सांगितलं की पूर्वी यायचा. दाराजवळचा हातपंप रंगीत पाणी द्यायला लागला तेव्हा खूप आला होता, अर्जही केले. आता त्या पाणी लांबून आणतात आणि राग ठेवायला वेळ मिळत नाही.

मग त्यांनी उलट विचारलं, "तुझ्या गावच्या नदीचा रंग कोणता आहे?"

कात्रिन विचारात पडली. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. शेवटी म्हणाली, आकाशासारखा. आणि आकाश आमच्याकडे बहुतेक राखाडीच असतं.

मी सांगितलं. सुमनबाईंना वाईट वाटलं. "बारा महिने एकच?" म्हणाल्या.

कात्रिनने परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि आम्ही परवा पुन्हा गेलो. पाणी जांभळं होतं. ते कार्यक्रमात आहे. राखाडी नदीचं बोलणं नाही.

*

एका कार्यक्रमात रस्त्यावरच्या माणसांना एकच प्रश्न विचारायचा होता, तुम्ही सुखी आहात का? जगातल्या अनेक शहरांत तोच प्रश्न विचारत ते लोक आले होते. सुरतेत हा प्रश्न विचारणं म्हणजे वेळ घालवणं. इथे कोणालाही काही विचारा, तोंडातून आधी "मजामां", म्हणजे मजेत, निघतं. पाय प्लॅस्टरमध्ये असला तरी मजामां. प्रोड्यूसरबाई आधी आनंदल्या, मग त्यांना संशय आला. मला म्हणाल्या, यांना नीट विचार, खरंच का? मी नीट विचारलं. उत्तर आलं, "एकदम मजामां."

सचिन गावाच्या रस्त्यावर एका बांधकामावर यवतमाळकडचा एक गवंडी भेटला. त्याने थापी खाली ठेवली, हात पुसले आणि मला विचारलं, "हे आमच्या गावाकडं दिसन का?"

मी म्हटलं, दिसू शकतं, हल्ली सगळं मोबाइलवर येतं.

"मंग सुखी आहो म्हणून सांगा," तो म्हणाला आणि थापी उचलली.

*

बिझनेसवाल्या चॅनलचं वेगळंच. त्यांचा अँकर सूट घालून मे महिन्यात रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये उभा राहिला. जगात मंदी आहे आणि तिचा परिणाम इथपर्यंत पोचलाय, असं त्याला म्हणायचं होतं. मागे रिकामं मार्केट हवं होतं. मागून डोक्यावर गाठोडी घेतलेले हमाल "बाजू, बाजू" करत येत होते आणि मंदी काही उभी राहत नव्हती.

मग एका साडीच्या व्यापाऱ्याची मुलाखत ठरली. हसमुखभाई. धंदा खरोखरच थंड होता, हे त्यांनी मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, मी ते अँकरला कळवलंही होतं. पण कॅमेरा लागला आणि हसमुखभाई नावाप्रमाणे हसायला लागले. सगळं चांगलं आहे, सीझन येतोय, देवाची दया. अँकरने मला बाजूला घेऊन विचारलं, हा माणूस काल तर वेगळं बोलत होता ना?

मी हसमुखभाईंना विचारलं. ते म्हणाले, माझी गिऱ्हाइकं कोलकात्याला आहेत, पाटण्याला आहेत. टीव्हीवर माझं तोंड उतरलेलं दिसलं तर उद्या माल कोण उचलेल? "धंधामां रडतुं मोढुं न चाले, बेन."

मुलाखत संपली. कार्यक्रमात ते आशावादी उद्योजक म्हणून आले. पण मला आठवतं ते नंतरचं. अँकर खाली गेला होता, वायरी गुंडाळणं चाललं होतं. हसमुखभाईंनी विचारलं, कॅमेरा बंद आहे ना? मी हो म्हटलं. मग ते गादीवर मागे टेकले आणि त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं. इतकं, की मी दुसरीकडे पाहिलं. कॅमेरामनने ते बघितलं होतं. कॅमेरा त्याच्या हातातच होता. त्याने लेन्सवर झाकण लावलं आणि बॅग भरायला घेतली.

दुकानाच्या दारात एक गिऱ्हाईक आलं. हसमुखभाई उठले आणि पुन्हा हसले.

*

खाण्यावर कार्यक्रम करणारा मार्को इटलीचा. लोचो खाल्ला, पोंक खाल्ला, रस्त्यावर मिळेल ते खाल्लं. मग म्हणाला, मला या शहरात बाहेरून आलेल्या माणसांच्या घरचं जेवायचंय. प्रकाशभाऊ म्हणाले, माझ्याकडे चला. मार्कोला मी कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत असं सगळं वर्णन करून ठेवलं होतं. तो सकाळपासून उपाशी राहिला.

आम्ही घरी पोचलो. संगीतावहिनींनी नवी साडी नेसली होती. त्यांनी ताट आणून ठेवलं आणि त्यात पास्ता होता.

पाहुणा इटलीचा आहे एवढं त्यांना कळलं होतं. तीन दिवस मोबाइलवर बघून बघून त्या शिकल्या होत्या. पहिले दोन-तीन वेळा बिघडलेला घरच्यांनी खाल्ला. प्रकाशभाऊंना माहीत होतं, पण वहिनींनी कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. मार्को ताटाकडे बघत राहिला. मग त्याने मला हळूच विचारलं, भाकरी नाही का? वहिनींना 'भाकरी' शब्द ऐकू आला आणि त्यांचा चेहरा पडला.

"भाकर तर आमच्याकडे रोजच असते," त्या म्हणाल्या. "हे मी यांच्यासाठी शिकले."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. मार्कोने चमचा घेतला. वहिनींनी त्यात लसूण, कढीपत्ता आणि हिरवा ठेचा सढळ हाताने घातला होता. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास त्याने घेतला. ताट संपवलं आणि आणखी मागितला. मग खिशातून स्वतःचा फोन काढून वहिनींचा आणि पातेल्याचा फोटो घेतला. मोठा कॅमेरा मात्र सुरू करू दिला नाही. म्हणाला, हा फोटो आईला पाठवतो. टीव्हीवर गेलं तर मला गावात घेणार नाहीत.

*

आता शेवटचा. हा गाडीतला नाही, आमच्या घरातला आहे.

फ्रान्सहून एलोदी नावाची प्रोड्यूसर आली होती. गाव सोडून शहरात आलेल्या माणसांवर तिचा कार्यक्रम होता. ठरलेला माणूस आजारी पडला आणि तिने मला विचारलं, तुझ्या वडिलांशी बोलू का? अप्पा आता घरीच असतात. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्चीत ताठ बसले.

इथे घरचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे आईला अग्नी धाकट्या मुलाने द्यायचा असतो. अप्पा धाकटे; गावात त्यांना भिका म्हणतात. आजी गेल्याचा निरोप आला तेव्हा ते लूमवर होते. तसेच भुसावळच्या गाडीत बसले. गाडी वाटेत रखडली. दिवस उन्हाळ्याचे. गावात माझे मोठे काका, नाना, त्यांनी वाट पाहिली आणि मग अग्नी देऊन टाकला. अप्पा पोचले तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. अप्पा काही न बोलता तसेच मागे फिरले. त्यानंतर दोघे भाऊ बोलले नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. लग्नकार्यं झाली, निरोप माझ्या आईमार्फत आणि काकूमार्फत गेले. पण हे दोघे बोलले नाहीत.

एलोदीने विचारलं, या शहरात येऊन तुम्ही काय गमावलं?

मी प्रश्न मराठीत सांगितला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. कॅमेऱ्याकडे बघून ते अहिराणीत बोलायला लागले. म्हणाले, मायचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं. नानाने पाहिलं, मी नाही पाहिलं. ते कसं होतं, शांत होतं की दुखत होतं, हे त्याला विचारायचं होतं. विचारलंच नाही. आता कोणत्या तोंडाने विचारू?

हे माझ्या घरात कोणी ऐकलेलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी एलोदीला ते इंग्रजीत सांगितलं.

पुढे कार्यक्रम दाखवला गेला. एलोदीने मला त्याची लिंक पाठवली. त्यांच्याकडे खाली अक्षरं देत नाहीत, बोलणाऱ्याच्या आवाजावर फ्रेंच आवाज चढवतात. अप्पांचे ओठ हलतात आणि एक भारदस्त फ्रेंच माणूस बोलतो. आम्ही खूप हसलो, अप्पाही हसले. मी ती लिंक गावाकडे चुलतभावाला पाठवून दिली.

रविवारी दुपारी माझा फोन वाजला. नंबर चुलतभावाचा, आवाज नानांचा. अप्पा शेजारीच पेपर वाचत बसले होते. मी स्पीकर लावला.

नाना म्हणाले, "पोरी, भिकाले देखं मी मोबाइलमा. काय बोलना तो, माले काहीच समजनं नही. पन भलता वाळी गया तो."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हाताने नको अशी खूण केली आणि मला म्हणाले, "तू सांग त्याले."

मग मी सांगितलं. अप्पा जे बोलले होते ते, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच भावाला, अहिराणीत. मायचं तोंड कसं होतं, इथपर्यंत मी सांगितलं.



मग नाना म्हणाले, "स्पीकर बंद कर. फोन त्याना कानले लाव."